सात अक्षरांची जुळणी

(दृश्य: रॅकवर टाइल्स सरकवणारी बोटं, अगदी जवळून)

ए, ई, जी, आय, एन, एस, टी. स्क्रॅबल या इंग्रजी शब्द जुळवण्याच्या खेळात रॅकवर, म्हणजे टाइल्स मांडायच्या पट्टीवर, ही सात अक्षरं आली की सरावलेला खेळाडू शब्द आठवत बसत नाही, तो आधी टाइल्स हलवतो. बोटांकडे बघा. आय, एन, जी उजव्या टोकाला गेली. उरली चार: ए, ई, एस, टी. आता सात अक्षरांशी झुंजायचं नाही, फक्त चार जुळवायची. एस-ई-ए-टी लावलं, सीटिंग झालं. ई-ए-एस-टी लावलं, ईस्टिंग. टी-ई-ए-एस लावलं, टीझिंग.

चौथी जुळणी मात्र फसवते. एस-ए-टी-ई हा शब्द खरा आहे, पण त्याला आयएनजी जोडताना शेवटचा ई गळतो आणि हाती सहाच अक्षरं राहतात. ई तसाच ठेवून सातही टाइल्स पटावर मांडल्या, तर समोरचा चॅलेंज करतो, म्हणजे शब्दावर आक्षेप घेतो, टाइल्स परत उचलाव्या लागतात आणि पाळी फुकट जाते.

(दृश्य: बोटं उजवीकडचं आयएनजी मोडतात)

दुसरी अडचण डोळ्यांची. आयएनजी एकदा शेवटी चिकटलं की ते दुसरीकडे कुठे बसेल हे दिसेनासं होतं. म्हणून रॅक मोडायचा. तीच तीन अक्षरं सुरुवातीला आणली की इन्जेस्टा सापडतो, म्हणजे पोटात गेलेलं अन्न. ईआर, ईडी, ईएसटी, आरई, यूएन हे तुकडेही असेच एकेक करून दोन्ही टोकांना लावून पाहायचे. एस शेवटपर्यंत मोकळा ठेवावा. साती टाइल्स एका पाळीत लागल्या, तर शब्दाच्या गुणांवर आणखी 50 मिळतात.

(दृश्य: वरून पट, मधे एकटा आर)

सात अक्षरांचा शब्द पटावर बसत नसेल, तर पटावरचं आठवं अक्षर धरायचं. इथे आर मोकळा आहे. तोच रॅक आणि हा आर मिळून ग्रॅनाइट्स, इन्ग्रेट्स आणि गॅन्ट्रीज होतात. कोणता बसेल ते आरच्या आजूबाजूला किती घरं मोकळी आहेत यावर ठरतं. ग्रॅनाइट्समध्ये आर दुसरा आहे, इन्ग्रेट्समध्ये चौथा, गॅन्ट्रीजमध्ये पाचवा.

(दृश्य: सरावाची कार्डं, एकामागून एक उलटताना)

सराव असा चालतो. कार्डाच्या एका बाजूला अक्षरं वर्णक्रमाने, मागे उत्तरं. ए-ई-आय-एन-एस-टी-व्ही. मागे नेटिव्ह्ज, नाइव्हेस्ट आणि व्हेनेस्ट. उत्तरं तीन, म्हणून एक सापडल्यावर थांबायचं नाही. खेळतानाही रॅक आधी वर्णक्रमाने लावला की कार्ड डोळ्यासमोर येतं. आधी हाताने जुळवून बघावं आणि मगच कार्ड उलटावं. उत्तर आयतं पाहिलेला शब्द घड्याळ चालू असताना आठवत नाही, आणि स्पर्धेत एका खेळाडूला संपूर्ण डावासाठी 25 मिनिटंच मिळतात.

(दृश्य: पिशवीतून टाइल्स टेबलावर ओतल्या जातात)

पिशवीत 100 टाइल्स. ई 12, ए आणि आय प्रत्येकी 9, कोऱ्या 2. अमेरिकेतल्या मंदीत नोकरी गेलेले वास्तुविशारद आल्फ्रेड मोशर बट्स यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून हे प्रमाण बसवलं. एस त्यांनी 4च ठेवले, नाहीतर कोणीही कुठल्याही शब्दाचं अनेकवचन करून गुण उकळले असते. स्क्रॅबल हे नाव 1948चं.

(दृश्य: हातात क्यूची टाइल)

क्यू एकच, किंमत 10. इंग्रजीत क्यूच्या पाठोपाठ बहुतेकदा यू लागतो. यू चार, आणि हवा तेव्हा एकही हाताशी नसतो. इथे आपल्याकडचे शब्द मदतीला येतात. भारतातल्या स्पर्धा कॉलिन्स या इंग्रजी शब्दकोशाच्या स्क्रॅबल शब्दयादीवर चालतात आणि त्या यादीत फकीर, तलाक, वक्फ, नकाब, कव्वाली हे सगळे क्यूने लिहिलेले आहेत. कोर्मासुद्धा. मराठी खेळाडूने हे हक्काने वापरावेत, पण स्पेलिंग यादीतलंच पाठ करावं, कानावर विसंबू नये. डाळीचीच किमान तीन स्पेलिंगं चालतात: डी-ए-एल, डी-एच-ए-एल आणि डी-ए-एच-एल.

(दृश्य: लॅपटॉपवर धावणारी शब्दयादी)

कॉलिन्सच्या 2019च्या यादीत 2,79,496 शब्द आहेत. त्यातून क्यूचे शब्द गाळून काढताना एक चूक हमखास होते. ‘क्यू आहे, यू नाही’ अशी चाळणी लावली की बुरखा निसटतो, तालुकदार आणि मुकद्दमही निसटतात, कारण त्यांच्या स्पेलिंगमध्ये यू आहे, फक्त क्यूच्या पाठोपाठ नाही. चाळणी लावायची ती ‘क्यूच्या लगेच पुढे यू नको’ अशी. रॅकवर यू नाहीच, तेव्हा पहिली चाळणी बरोबर. एखादं अक्षर शब्दात किती वेळा आलंय हेही तपासायला सांगावं, नाहीतर रॅकवर एकच एन असताना दोन एनचे शब्द यादीत येतात.

स्पर्धेत लॅपटॉप नाही, फोन बंद. आणि डाव संपताना क्यू हातात राहिला, तर 20 गुणांचा फरक पडतो.

(दृश्य: क्यूशेजारी आयची टाइल लागते)

म्हणून सगळ्यांत आधी पाठ करायचा तो दोन अक्षरांचा शब्द, क्यू-आय. उच्चार ची, चिनी विचारातली प्राणशक्ती. त्यानंतर क्यू-ए-टी, मग क्यू-ए-आय-डी. आय आणि ए मिळून 18 टाइल्स आहेत, त्यामुळे यांतला एक तरी बहुतेक डावांत लागतो.