बुडबुड्यांनी फोडलेला बोगदा

जून 1983. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातलं, कोलोरॅडो नदीवरचं ग्लेन कॅन्यन धरण काठोकाठ भरत आलेलं. वरच्या डोंगरांतला बर्फ उशिरा वितळला आणि वितळला तो एकदम. सांडव्याचे बोगदे तोवर फारसे वापरावे लागले नव्हते. आता डावा बोगदा उघडला. थोड्याच दिवसांत आतून धडधड ऐकू येऊ लागली. बाहेर पडणारं पाणी लाल झालं, त्यासोबत वालुकाश्माचे धोंडेही येऊ लागले. म्हणजे काँक्रीटचं अस्तर केव्हाच गेलं होतं. पाणी आता डोंगर खात होतं.

बोगदा साडेबारा मीटर व्यासाचा. त्याच्या तळाशी सुमारे 10 मीटर खोल आणि 40 मीटर लांब खड्डा पडला होता. आणि याची सुरुवात झाली कशानं, तर अस्तराच्या भेगांपाशी साचलेल्या कॅल्साइटच्या, म्हणजे चुन्याच्या क्षारांच्या, किरकोळ उंचवट्यांनी.

बोगद्यात पाण्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्याही वर. एवढ्या वेगात छोटासा उंचवटा आडवा आला, की त्याच्या मागे दाब एकदम पडतो. दाब पुरेसा पडला की पाणी गार असतानाच उकळतं. 20 अंशांना त्यासाठी दाब हवेच्या दाबाच्या जवळपास चाळिसाव्या भागावर यावा लागतो. तिथे वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि प्रवाहाबरोबर पुढे जातात. पुढे दाब पुन्हा वाढतो. बुडबुड्यात असते फक्त विरळ वाफ, तीही लगेच पाणी होते. मग चहूबाजूंचं पाणी आत कोसळतं.

किती वेगानं, याचं गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1917 मध्ये मांडलं. त्यांच्यापुढे प्रश्न होता जहाजांच्या झिजणाऱ्या पंख्यांचा. त्यांच्या सूत्रानुसार 1 मिलिमीटर त्रिज्येची पोकळी हवेच्या साध्या दाबाखाली सुमारे 90 मायक्रोसेकंदांत मिटते. पापणी लवायला याच्या हजारपटीहून जास्त वेळ लागतो.

रॅले यांचा बुडबुडा मात्र चारी बाजूंनी मोकळा होता. खरी गंमत भिंतीजवळ होते. भिंतीच्या बाजूनं पाणी आत शिरायला वाव कमी, म्हणून पलीकडची बाजू आधी खचते. तिथून पाण्याची बारीक धार सुटते, बुडबुडा आरपार भेदते आणि थेट भिंतीवर आदळते. वेग सेकंदाला 100 मीटरच्या घरात. आदळण्याच्या त्या क्षणी दाब हवेच्या साध्या दाबाच्या हजारपटीच्याही पुढे जाऊ शकतो. शिवाय बुडबुडा पूर्ण मिटताना आघातलहर उठते, ती वेगळीच. जास्त नुकसान धार करते की लहर, यावर संशोधक अजून भांडतात. भिंतीला दोन्हींचा मार बसतो, एवढं नक्की.

एका फटक्यानं काही होत नाही. पण तेच ठिकाण सतत मार खातं, काँक्रीटचे कण सुटतात, खळगा पडतो. खळगा हा पाण्याला नवा अडथळा! त्याच्यापुढे नवे बुडबुडे, आणखी पुढे आणखी मोठा खळगा.

अमेरिकेतल्याच हूवर धरणात 1941 मध्ये आणि यलोटेल धरणात 1967 मध्ये अगदी हेच घडलं होतं. त्यामुळे ग्लेन कॅन्यनला अपघात म्हणायला जीभ रेटत नाही.

उपाय मात्र आश्चर्य वाटावा इतका साधा निघाला: पाण्यात हवा मिसळायची. वाफेसारखी हवा नाहीशी होत नाही. ती दबते, आणि कोसळणाऱ्या पाण्याचा जोर स्वतःवर घेते. दुरुस्तीच्या वेळी बोगद्याच्या अस्तरात खाच ठेवली. वाहतं पाणी तिथून स्वतःच हवा ओढून घेतं. 1984 मध्ये पाणी सोडून चाचणी घेतली, आणि अस्तर शाबूत राहिलं.