लिनक्सचा फोन मालवणात बनवून विकायचा? आधी दोर कोण धरणार ते ठरवूया

नमस्कार मंडळी.

(फोन कॅमेऱ्याजवळ नेत) हे चार्जिंगचं तोंड बघा. आत हिरवट थर धरलाय, दिसतोय? ज्यांचा हा फोन आहे ते रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीवर, जाणारे काका काल माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले आणि म्हणाले, "पाण्यात पडूक नाय रे, तरी चार्ज होणा नाय." खाऱ्या हवेचं हे काम आहे. वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंत कुठल्याही दुरुस्तीवाल्याला विचारा, हा हिरवा गंज त्याच्या रोजच्या ओळखीचा आहे.

पोर्ट बदलणं तसं अर्ध्या तासाचं काम. पण ह्या फोनची पाठ काचेची, आणि ती डिंकाने चिकटवलेली. गरम हवेने सैल करताना तडकली की काकांचा खर्च दुप्पट. बरं, एवढं करून फोन सुरू झाला तरी त्याचे अपडेट दोन वर्षांपूर्वीच थांबलेत. यंत्र धडधाकट आहे आणि कंपनीने त्याला म्हातारा ठरवून टाकलंय. दुकानात बसून हे रोज बघताना मला मनापासून वाईट वाटतं.

ह्याच विषयावर गेल्या रविवारी दुकान बंद केल्यावर आम्ही अकरा जण मागच्या पडवीत बसलो होतो. पॉलिटेक्निकची मुलं, वेंगुर्ल्यातून घरूनच काम करणारी एक सॉफ्टवेअरवाली, एक शाळामास्तर, देवगड-कणकवलीचे दोन दुरुस्तीवाले आणि हे काका. प्रश्न एकच होता: ज्याचं सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं आहे, जो उघडता येतो, असा लिनक्सचा फोन आपण बनवून विकू शकतो का? तीन तास चर्चा झाली, आवाजही चढले. त्या चर्चेतून मला जे पटलं ते आज सांगतो.

पहिल्यांदा मास्तरांची शंका. "अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे ना? मग वेगळं काय करणार?" शंका रास्त आहे. लिनस टॉरवाल्ड्सने 1991 मध्ये सुरू केलेला लिनक्स कर्नल, म्हणजे यंत्र आणि बाकीचं सॉफ्टवेअर ह्यांना जोडणारा गाभा, अँड्रॉइडमध्येही आहे. पण फोन बनवताना चिप कंपनी त्या कर्नलची एक प्रत काढते, तिच्यात स्वतःचे तुकडे जोडते आणि ती प्रत तिथेच गोठते. मूळ कर्नल पुढे जात राहतो, आपल्या फोनमधला मागे राहतो. चिप कंपनीने हात काढून घेतला की फोन कंपनीही काढून घेते. आपण ज्याला लिनक्स फोन म्हणतोय त्यात मूळचा, चालता कर्नल असतो आणि त्यावर डेबियन किंवा अल्पाइनसारखी, संगणकावर चालते तीच व्यवस्था. डेबियनवरून फोनसाठी मोबियन आलं, अल्पाइनवरून 2017 मध्ये पोस्टमार्केटओएस. फोन दहा वर्षं वापरता यावा, हे पोस्टमार्केटओएसवाल्यांनी पहिल्या दिवसापासून धरलेलं ध्येय आहे.

मग हे सगळ्या फोनांवर का चालत नाही? कॉम्प्युटरवर तर एक पेनड्राइव्ह लावली की कुठल्याही मशीनवर लिनक्स चढतं.

मालवण बंदराचं उदाहरण देतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती खडक किती आहेत ते तुम्ही बघितलंय. मोठ्या बंदरात वाट आखलेली असते, बोये लावलेले असतात, नवखा माणूससुद्धा बोट आत आणतो. कॉम्प्युटर हे तसं बंदर आहे. आपल्यात काय जोडलंय ते तो स्वतः सांगतो. फोन मात्र आपल्या बंदरासारखा आहे. कुठला खडक कुठे, ते तिथल्या तांडेलालाच, होडी हाकणाऱ्यालाच, ठाऊक. स्क्रीन कुठल्या पिनवर, आवाजाचं बटण कुठल्या, बॅटरी मोजणारी चिप कुठल्या, हे प्रत्येक मॉडेलसाठी वेगळं लिहून कर्नलला द्यावं लागतं. त्या फाईलला डिव्हाइस ट्री म्हणतात. कंपनीने माहिती दिली नाही तर कोणीतरी महिनोन्‌महिने चाचपडत ती शोधून काढतो. हे काम करणारे बहुतेक जण फुकट करतात, रात्रीची झोप मोडून करतात.

आता पैशाकडे येतो, कारण आमच्या पडवीत खरी खडाजंगी तिथेच झाली.

मुलांचं म्हणणं होतं, लोकांकडून आधी पैसे घेऊ आणि मग फोन बनवू. आपल्याकडे आंब्याच्या बागायतदाराला ही रीत नवी नाही. मोहोर दिसायच्या आत व्यापाऱ्याची उचल घेतलेली असते. पण मोहोर गळला तर काय होतं, तेही बागायतदाराला ठाऊक आहे.

2013 मध्ये उबंटू एज नावाच्या फोनसाठी लोकांकडे 3 कोटी 20 लाख डॉलर मागितले होते. सुमारे 1 कोटी 28 लाखांचे शब्द मिळाले. लक्ष्य गाठलं नाही म्हणून फोन झाला नाही, पैसे परत गेले. निदान हिशोब चोख राहिला. 2017 मध्ये लिब्रेम 5 नावाच्या लिनक्स फोनसाठी 15 लाख डॉलर मागितले, 20 लाखांच्या वर जमले. किंमत 599 डॉलर, फोन जानेवारी 2019 ला देऊ असं सांगितलं होतं. मोठ्या संख्येने फोन निघायला नोव्हेंबर 2020 उजाडला. लबाडी नव्हती, काम खरोखर अवघड होतं. पण पैसे देऊन बसलेल्या माणसाला ते काय सांगणार?

आणि त्याच्याही आधीची ओपनमोको कंपनीची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. त्यांचा पहिला फोन निओ 1973, कारण हातात धरायच्या मोबाईलवरून पहिला कॉल 1973 मध्ये झाला. 2008 च्या निओ फ्रीरनरमध्ये एक खोट निघाली. बोलताना पलीकडच्या माणसाला गुणगुण ऐकू यायची. उपाय होता, पण तो सोल्डरिंगचा. मग ठिकठिकाणी लोक एकत्र जमले, सोल्डरिंग येणाऱ्यांनी न येणाऱ्यांचे फोन दुरुस्त करून दिले. सर्किटचा नकाशा सगळ्यांसमोर होता म्हणून हे जमलं. 2009 मध्ये कंपनीने फोनचं काम थांबवलं. कंपनी टिकली नाही, पण तिच्या नकाशावर लोकांनी एकमेकांचे फोन बरे केले, ही गोष्ट मी दुरुस्तीवाला म्हणून विसरू शकत नाही.

(दुसरा फोन उचलून) आणि हा पाइनफोन. पुण्यातल्या एका मित्राने वापरून झाल्यावर मला दिला. आता नीट बघा. हीटर नाही, डिंक नाही. कोपऱ्यातल्या खाचेत नख घातलं... आणि पाठ निघाली. आत साधे चार फुल्यांचे स्क्रू. बॅटरी बोटाने बाहेर येते. आणि ही बॅटरी सॅमसंगच्या जे 7 च्या मापाची आहे! म्हणजे माझ्या खणात आधीपासूनच जी पडून आहे तीच. आणि हे सहा इवलेसे स्विच: मोडेम (मोबाईल नेटवर्कशी बोलणारा भाग), वायफाय-ब्लूटूथ, माइक, मागचा कॅमेरा, पुढचा कॅमेरा, हेडफोन. टाचणीने सरकवले की ते ते बंद. सॉफ्टवेअरच्या भरवशावर नव्हे, थेट स्विचवर.

ह्याची किंमत 149 डॉलर होती, 2020 पासून लोकांच्या हातात यायला लागला. बनवणाऱ्या पाइन64 ने सॉफ्टवेअर लिहिलंच नाही, ते सगळं लोकांवर सोडलं. त्यांच्या कम्युनिटी आवृत्त्यांमध्ये प्रत्येक फोनमागे 10 डॉलर त्या त्या सॉफ्टवेअर गटाला जायचे. ही वाटणी लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येतो.

पण फोन संथ आहे हेही सांगायला हवं. बॅटरी वाचवायला मुख्य चिप झोपते, मोडेम एकटा जागा असतो, कॉल आला की तो तिला उठवतो. सुरुवातीच्या काळात ती उठेपर्यंत कॉल निघून जायचा. नेटवर्क फक्त 4जी असेल तर कॉलसाठी व्हीओएलटीई, म्हणजे 4जी वरूनच बोलायची सोय, लागते, आणि जिओच्या सिमवर दुसरा मार्गच नाही. ती ह्याच्यावर जुळवावी लागते. यूपीआयची ॲप तर बहुतेक चालत नाहीत, कारण फोन गूगलच्या ओळखीतला आहे का ते ती तपासतात. मासळीच्या लिलावाचे पैसे ज्यांना यूपीआयवर येतात त्या काकांना हा एकच फोन मी विकला, तर ती फसवणूक होईल. माझ्या दुकानातून तरी तसं होणार नाही.

आता आमचा हिशोब सांगतो. कारखाना थोडक्यासाठी मशीन लावत नाही, म्हणून 500 फोन धरले. एकाला 15,000 रुपये खर्च धरला तर 75 लाख. हा फक्त आमचा अंदाज, पण आकडा कागदावर लिहिल्याबरोबर पडवी गप्प झाली. त्यावर 18 टक्के जीएसटी. बीआयएसची, म्हणजे सरकारी मानक संस्थेची, नोंदणी सक्तीची, त्यासाठी प्रयोगशाळेतली चाचणी. प्रत्येक फोनला 15 आकडी आयएमईआय हा ओळख क्रमांक आणि पहिल्या विक्रीआधी सरकारी पोर्टलवर त्याची नोंद. शरीरात शिरणाऱ्या रेडिओ लहरींची मर्यादा किलोला 1.6 वॅट. 2017 पासून पॅनिक बटणाची सोय हवी, 2018 पासून जीपीएस. ह्यातला एकही नियम मला जाचक वाटत नाही. वादळात अडकलेल्या माणसाचा 112 ला कॉल लागलाच पाहिजे. फक्त हे ओझं 500 फोनांवर वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला केवढं येईल ते बघा, आणि पाच लाख फोनांवर वाटलं तर केवढं.

तेव्हा इतका वेळ ऐकत बसलेले काका बोलले. त्यांनी विचारलं, "फोन बिघाडलो तर घेवन कोणाकडे जावचा?"

खरं सांगतो, तीन तासांत हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही काढला नव्हता.

ज्यांनी रापण बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन्हीकडून ओढतात. मासळी आली की वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. वाटे कसे पडणार ते जाळं टाकायच्या आधीच सगळ्यांना माहीत असतं. जाळं फाटलं तर ते विणायलाही तीच माणसं बसतात.

आमच्या योजनेत बनवणाऱ्याचा वाटा होता, विकणाऱ्याचा होता. कोड लिहिणाऱ्या मुलीचा नव्हता. तीन वर्षांनी पोर्ट बदलणाऱ्याचा नव्हता. पाइनफोनचे ते 10 डॉलर मला म्हणून महत्त्वाचे वाटतात. रक्कम छोटी आहे, पण ओढणाऱ्याचा वाटा किमतीतच धरलेला आहे. आपण कधी फोन विकलाच तर सॉफ्टवेअरचा वाटा, सुट्या भागांचा वाटा आणि दुरुस्तीचा वाटा बिलावर वेगळा छापलेला असला पाहिजे, ह्या मतावर मी ठाम आहे.

मुलं थोडी हिरमुसली. पण 75 लाख नसतानाही आज करण्यासारखं काम आहे, आणि ते आपल्याशिवाय कोणी करणार नाही.

(स्क्रीन दाखवत) ह्या पाइनफोनवर मी मराठीत "दऱ्या" लिहायला गेलो, डोंगर-दऱ्यांमधल्या. उमटलं "दर्या". कुठे दरी आणि कुठे समुद्र! कीबोर्डवर आपला ऱ नव्हता, अर्धा ऱ तर दूरच. ल आणि श सुद्धा हिंदी वळणाचे. आता गंमत बघा, ह्याचा कीबोर्ड, स्क्वीकबोर्ड, म्हणजे कळांची मांडणी लिहिलेली एक साधी मजकुराची फाईल आहे. वेंगुर्ल्याच्या त्या मुलीने पडवीतच बसून तिच्यात एक कळ वाढवली, फाईल फोनवर टाकली, आणि "दऱ्या" बरोबर उमटलं. मास्तरांनी फोन हातात घेऊन "सुऱ्या, वाऱ्या, किनाऱ्यावर" असं लिहून बघितलं. ल आणि श चं तर त्याहून सोपं. भाषा मराठी निवडली आणि फॉन्टमध्ये मराठी वळण भरलेलं असलं की ते आपोआप येतात. विकतच्या फोनवर हेच करायचं तर कंपनीला पत्र लिहून वाट बघत बसावं लागलं असतं.

तेव्हा ठरलं ते असं. नवा फोन सध्या नाही. जुने फोन गोळा करायचे. 2018 चे वनप्लस 6 आणि पोको एफ 1 आपल्याकडे पुष्कळ खपले होते, घराघरांत खणात पडून आहेत, आणि पोस्टमार्केटओएस त्यांच्यावर चांगलं चालतं. कॅमेऱ्याचा आणि कॉलचा भरवसा अजून धरू नका, म्हणून ते फोन म्हणून द्यायचे नाहीत. शाळेत कोड शिकायला द्यायचे, वाचनालयात छोटा सर्व्हर म्हणून ठेवायचे, ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे भरून नेटवर्क नसलेल्या वाडीत न्यायचे. काय बिघडतं, काय टिकतं, पावसाळ्यात पोर्टाचं काय होतं, ह्याची वही ठेवायची. पहिलं पान काकांच्या ह्या हिरव्या पोर्टाचं आहे.

येत्या रविवारी दुपारी तीन वाजता दुकानाच्या मागे परत बसतोय. जुना फोन असेल तर घेऊन या, चालू होत नसला तरी आणा. त्यातले फोटो आणि नंबर आधी काढून ठेवा, कारण लिनक्स चढवताना आतलं सगळं पुसलं जातं. स्क्रीनचा पासवर्ड लक्षात ठेवून या, त्याच्याशिवाय बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप, उघडायला आपण घेणार नाही, चोरीचा फोन इथे नको. आणि डेटा केबल आणा हो, नुसत्या चार्जिंगची नको.