इंजिन बंद पडल्यावरची चार मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार. बारामती, धुळे किंवा गोंदियाच्या आकाशात शिकाऊ वैमानिकांची एका इंजिनाची छोटी विमानं घिरट्या घालताना तुम्ही पाहिली असतील. ते एकुलतं इंजिन हवेतच बंद पडलं तर? विमान लगेच कोसळत नाही. कार्ब्युरेटरवालं, म्हणजे हवा आणि इंधन मिसळणारा भाग असलेलं, जुनं सेसना १७२ घ्या. वारा नसेल आणि वेग ६५ नॉटवर, म्हणजे ताशी सुमारे १२० किलोमीटरवर राखला, तर ३००० फुटांवरून ते सुमारे ८ किलोमीटर तरंगत जातं. हाताशी चारेक मिनिटं मिळतात.

त्यासाठी नाक ताबडतोब खाली घ्यावं लागतं. नाक वर धरून उंची टिकवू पाहणारा आधी वेग घालवतो, मग उंचीही. वेग स्थिरावला की ट्रिम, म्हणजे सतत जोर न लावता नाक त्याच कोनात राखणारी सोय, लावायचा, उतरायची जागा हेरायची, तिकडे वळायचं. इंजिनाकडे वळायचं ते त्यानंतर.

पहिला हात कार्ब्युरेटर हीटला, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणाऱ्या खटक्याला. ही ऊब एक्झॉस्टच्या पाइपाभोवती तापलेल्या हवेची. पाइप निवला की तीही संपते. दमट हवेत, बाहेर २० अंश असतानाही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो आणि इंजिनाची वाट अडते. तो वितळताना इंजिन जास्तच खडखडतं, तेव्हा घाबरून हीट बंद करू नये. मग फ्युएल सिलेक्टर ‘बोथ’वर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर; मिक्श्चर रिच, म्हणजे मिश्रणात इंधन जास्त; ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन्ही चालू; इंजिन सुरू करताना इंधन सोडणारा प्रायमर आत दाबून लॉक. तरीही इंजिन गप्पच? १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या रेडिओ लहरीवर ‘मेडे’ ही संकटाची हाक, आणि रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपाँडरवर ७७०० हा संकटाचा आकडा. टॉवरशी आधीच बोलणं चालू असेल तर तिथेच सांगावं.

शेतावर उतरायचं तर उभा ऊस टाळावा. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात, तेच शोधावेत. नांगरटीच्या तासांना समांतर आणि शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उतरावं. १० नॉट वारा पाठीमागून असेल, तर तोच समोरून असण्याच्या तुलनेत टेकतानाची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते.

जागा नक्की हाती आली की मिक्श्चर, इंधन, मॅग्नेटो बंद. विजेचा मास्टर स्विच मात्र फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे पट्टे, हवे तेवढे उतरल्यावरच, कारण ते विजेवर चालतात. दारांच्या कड्या टेकण्यापूर्वीच काढाव्यात. चौकट वाकली तर दार अडकतं.

उड्डाण करताच ३०० फुटांवर इंजिन गेलं, तर यातलं बरंचसं करायला वेळच नसतो. धावपट्टीकडे परत फिरण्याचा मोह तिथे जीव घेतो. १८० अंश वळून विमान धावपट्टीच्या बाजूला येतं, तिच्यावर नाही. म्हणजे आणखी वळणं आलं. त्यात ४५ अंश कललेल्या विमानाचा स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्याखाली पंखांची उचल तुटते तो वेग, सुमारे १९ टक्क्यांनी वाढलेला असतो. म्हणून नाक खाली, आणि समोरच, डावी-उजवीकडे तीसेक अंशांच्या आत, जे मोकळं दिसेल त्यावर उतरायचं.