गोळ्या दिल्या, पण पोटात गेल्या का?

नमस्कार श्रोतेहो.

बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात मी कितीतरी वर्षं आरोग्य सेविका होते. गावात आम्हाला या नावानं कुणी हाक मारत नाही. म्हाताऱ्या बायका ‘नर्सबाई’ म्हणतात आणि पोरी ‘सिस्टर’. आज मला लोककेंद्री शुश्रूषेवर बोलायला बोलावलंय. हा शब्द मी प्रशिक्षणात ऐकला होता, पण त्याचा अर्थ मला कळला तो एका घरी, फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात.

पहिलटकरीण होती ती. पाचव्या महिन्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ ग्रॅम. गरोदर बाईचं ते अकराच्या खाली जायला नको. दर महिन्याला मी तिला लोहाच्या तीस गोळ्या द्यायचे, रजिस्टरमध्ये लिहायचे आणि विचारायचे, ‘घेतेस ना गं?’ ती मान हलवायची. सातवा लागला तरी रक्त होतं तिथंच. मग मी चिडले आणि चारचौघींत तिला बोलले. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या घरी गेले. हातात रजिस्टर नव्हतं. ओसरीवर बसून तिला म्हटलं, ‘गोळी घेतलीस की काय होतं, ते सांग मला.’ ती उठली आणि फळीवरचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला. जवळजवळ सगळ्या गोळ्या त्यात होत्या. मग बोलायला लागली. पहाटे चारला उठायचं, भाकरी थापायच्या, पोटात काही न घालता रानात जायचं. तशात गोळी घेतली की मळमळायचं, आणि मळमळ घेऊन खुरपायचं कसं? दोन दिवस घेतली तर शी काळी झाली. सासू म्हणाली, गोळी उष्ण आहे, लेकराला बाधेल.

श्रोतेहो, यातलं सगळं मला ठाऊक होतं. लोहाच्या गोळीनं मळमळतं, शी काळी होते, त्यात भिण्यासारखं काही नसतं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. पण मी तिला कधी विचारलंच नव्हतं. ‘घेतेस ना?’ असं म्हणून मी तिच्याकडून फक्त ‘हो’ वदवून घेत होते.

मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. गोळी रात्री जेवल्यावर, निजताना घ्यायची. मागं-पुढं तासभर चहा नाही. कॅल्शियमची गोळी वेगळी, दिवसा. सासूबाई आल्यावर त्यांना काळ्या शीचं कारण समजावलं आणि म्हटलं, ‘मावशी, ही गोळी रोज तुमच्या हातानं द्या.’ त्यांनी दिली. बाळंतपणाआधी रक्त दहाच्या वर गेलं होतं.

माझ्या रजिस्टरमध्ये मात्र त्या आधीच्या महिन्यांतही सगळं ठीकच दिसत होतं. तिथं गोळ्या किती दिल्या याचा रकाना होता, पोटात किती गेल्या याचा नव्हता.

आमच्या शेजारी, तेव्हाच्या नगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं. गावकऱ्यांना काय हवं ते विचारलं, तर आधी पाणी आणि अन्न हवं होतं. दवाखाना त्यानंतर. शिकलेल्या नर्स गावात ठेवून पाहिल्या, पण बायकांशी त्यांचं सूत जमेना. तेव्हा गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, दलित होत्या. त्यांना शिकवलं आणि मागं उभं राहायला नर्स दिल्या. मी स्वतः नर्स आहे, म्हणून हे मनाला लागतं. पण खरं आहे. चुलीपाशी जिला बसू देतात, तिलाच घरातलं दुखणं कळतं. 1978 साली अल्मा-आटाला प्राथमिक आरोग्यसेवेवर जी आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिच्या जाहीरनाम्यातही हेच आहे: आपल्या आरोग्यसेवेची आखणी आणि अंमलबजावणी करण्यात भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही.

हे करायला वेळ लागतो. मैदानी भागात पाच हजार लोकांमागं एक उपकेंद्र आणि डोंगराळ, आदिवासी भागात तीन हजारांमागं, असा सरकारी निकष आहे. त्यात गरोदर बायका, बाळंतिणी, लसीकरण, क्षय, आता रक्तदाब आणि साखरही. शिवाय नोंदी, आणि त्याच नोंदी पुन्हा मोबाइलमध्ये. तीन मिनिटांत एक बाई उरकायची तर ती मान हलवणार आणि आपण लिहिणार. सिस्टरनं नीट बोलावं असं वाटत असेल, तर तिच्या डोक्यावरचं लिखाण कमी करा, हे मी अधिकाऱ्यांना नोकरीत असताना सांगत आले, आजही सांगते.

आता ऊसतोडीचं. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची जोडपी कारखान्यांवर जातात, थेट उन्हाळ्यापर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, खाडा पडला तर पैसे कापले जातात. अशी बाई सकाळी दहाच्या लसीकरणाला येईल कशी? ती तेव्हा फडात मोळ्या बांधत असते. तिच्याकडं जायचं तर दिवेलागणीला, कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर. काही सिस्टर तशा जातातही, त्यांना माझा नमस्कार.

ऐकणाऱ्यांत कुणी यंदा तोडीला निघणार असतील तर एवढं करा. निघण्याआधी उपकेंद्रात या, पुढच्या महिन्यांच्या गोळ्या मागून घ्या, आणि माता-बाल कार्ड पेटीच्या तळाशी टाकू नका. हाताशी ठेवा. तिकडच्या सिस्टरला ते दाखवलं की पुढचं तिला कळतं.

एका वर्षी महिन्याचं लेकरू घेऊन एक मुलगी निघाली होती. मी तिच्या कार्डावर साडेतीन महिन्यांच्या डोसची तारीख लिहिली. ती म्हणाली, ‘तारीख नाही ओ ध्यानात राहत, सण सांगा.’ मी हिशेब केला आणि तारखेशेजारी लिहिलं, ‘भोगी’. संक्रांतीच्या दिवशी तिचा फोन आला, ‘सिस्टर, काल दिली सुई. इथल्या बाई कोपीवर आल्या होत्या.’