कॅरेटच्या वाटेने आलेला कोड

काळ्या टर्मिनलवर एकच ओळ दिसतेय: एनपीएम इन्स्टॉल. एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टमधल्या तयार कोडचे गठ्ठे, म्हणजे पॅकेजेस, उतरवून देणारं साधन. एंटर दाबलं, की पॅकेजेस उतरू लागतात. मागितलेलं असतं एक. ते आपल्या डिपेंडन्सी, म्हणजे ज्यांच्यावर ते विसंबून असतं ती पॅकेजेस, घेऊन येतं, त्या त्यांच्या. बघता बघता फोल्डर शेकडो अनोळखी लोकांच्या कोडने भरतो, आणि त्यातली बहुतेक नावं आपण कधी ऐकलेलीही नसतात.

२२ मार्च २०१६ला लेफ्ट-पॅड नावाचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं. जेमतेम ११ ओळींचा कोड, पण तो नाहीसा होताच बॅबलसारख्या मोठ्या जावास्क्रिप्ट प्रकल्पांचे बिल्ड, म्हणजे कोड जुळवून प्रोग्राम तयार करण्याचे टप्पे, कोसळले. निदान ते लगेच दिसलं तरी. २०१८मध्ये जे झालं ते जास्त भयंकर होतं.

इव्हेंट-स्ट्रीम हे तेव्हाचं लोकप्रिय पॅकेज. मूळ लेखक ते आता सांभाळत नव्हता. मदत करतो म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसाच्या हाती त्याने ते सोपवलं. सप्टेंबरमध्ये या माणसाने फ्लॅटमॅप-स्ट्रीम ही नवी डिपेंडन्सी जोडली. आवृत्ती लिहिली ०.१.०, आणि तिच्या आधी कॅरेटचं (^) छोटंसं चिन्ह. त्या दिवशी कोणी कसून तपासलं असतं, तरी हाती काही लागलं नसतं. मग ऑक्टोबरमध्ये फ्लॅटमॅप-स्ट्रीमची ०.१.१ आली, आणि घातक कोड तिच्यात होता. कॅरेट म्हणजे ०.१ मालिकेतली पुढची आवृत्तीही चालेल, अशी आधीच दिलेली संमती. इव्हेंट-स्ट्रीमचं एक अक्षर न बदलता तो कोड नव्याने इन्स्टॉल करणाऱ्यांच्या मशीनवर जाऊन बसला. डोळा होता कोपे या बिटकॉइन वॉलेटवर. हे उघडकीला यायला नोव्हेंबर उजाडला.

गुन्हा त्या माणसाचाच. पण दार सताड उघडं ठेवायची सवय आपल्याला एनपीएमने लावली. पॅकेज जोडताना एनपीएम कॅरेट स्वतःहून लिहितं. लॉक फाइल, म्हणजे नेमकी कोणती आवृत्ती बसवली याची नोंद, आवृत्त्या पक्क्या करते, हे खरं. मात्र लायब्ररीच्या लेखकाची लॉक फाइल ती वापरणाऱ्याच्या कामी येत नाही. शिवाय पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्ट, म्हणजे पॅकेज बसताच आपोआप चालणाऱ्या त्याच्या सूचना. कोड उतरवायला सांगितला, तर एनपीएम वर्षानुवर्षं तो न विचारता चालवतही आलं! एनपीएमसारख्याच पीएनपीएम या साधनाने दहाव्या आवृत्तीत डिपेंडन्सीच्या अशा स्क्रिप्ट मुळातच बंद ठेवल्या, म्हणजे हे करता येत होतं.

गो भाषेने तर आवृत्ती निवडायची रीतच उलटी ठेवली. सगळ्यांची गरज भागेल अशी कमीत कमी आवृत्ती ती घेते. तिथे ०.१.१ नुसती प्रसिद्ध होऊन काही झालं नसतं. कोणाला तरी ती फाइलमध्ये लिहावी लागली असती, आणि तो बदल डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधल्या फरकाच्या यादीत, दिसला असता.