यकृताचं औषध : आधी दिलं की नंतर?

नमस्कार श्रोतेहो.

कावीळ झाली की कुणीतरी झाडपाल्याचं औषध सुचवतं, आणि माणूस बराही होतो. पण हिपॅटायटिस ‘ए’ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच उतरते. मग गुण कशाचा आला? हे कळायला ते औषध न घेतलेला, तसाच दुसरा गट तुलनेला लागतोच.

अशी औषधं तपासायला प्रयोगशाळेत उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड हे यकृताला इजा करणारं विष देतात. यकृतातलंच एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते फोडतं, आणि त्यातून सुटलेले मुक्त मूलक, म्हणजे रेणूंचे अतिक्रियाशील तुकडे, पेशींच्या आवरणावर तुटून पडतात. पेशी फुटल्या की आतलं एसजीपीटी नावाचं दुसरं विकर रक्तात उतरतं. दुसऱ्या गटाला आधी वनस्पतीचा अर्क देतात, मग विष. त्यांचं एसजीपीटी कमी भरलं, की ती वनस्पती यकृतरक्षक ठरते.

मला मात्र आधी विचारावंसं वाटतं, अर्क दिला कधी? विषाच्या आधी दिला असेल, तर कदाचित त्यानं ते विकरच अडवलं असेल. घातक मूलक तयारच झाले नाहीत, तर पेशी वाचवण्याची ताकद अर्कात आहे की नाही, हे कळणार कसं? आणि रुग्ण तर इजा झाल्यावरच येतो! म्हणून विषानंतर अर्क दिलेला गट हवाच. रक्ताच्या आकड्यावरही थांबू नये. यकृताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की मध्यशिरेभोवतीच्या पेशी तगल्या की मेल्या, हे डोळ्यांना दिसतं.

माणसांवरच्या चाचण्या तर आणखी कठीण. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये भुईआवळ्याबद्दल लिहिलं, तेव्हा हिपॅटायटिस ‘बी’च्या वाहकांसाठी मोठी आशा वाटली होती. पुढे इतरांच्या चाचण्यांत तसं यश आलं नाही. ज्या सिलिमरिन या वनस्पतिजन्य औषधाशी प्रयोगशाळेत इतर अर्कांची तुलना होते, तेही २०१२ साली हिपॅटायटिस ‘सी’च्या १५४ रुग्णांमध्ये नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. याचा अर्थ वनस्पतींचा अभ्यास सोडावा असा मुळीच नाही. तो अधिक काटेकोर व्हावा, एवढीच माझी कळकळ आहे.

कारण काही वनस्पती यकृताला थेट इजा करतात. ‘कावा’ ही पॅसिफिक बेटांवरची वनस्पती हे त्यातलं ठळक नाव. तुम्ही एखादा काढा किंवा अर्क घेत असाल, तर कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग आणि कधीपासून, हे डॉक्टरांना न लपवता सांगा. लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर तो लगेच बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जाताना बाटली सोबत न्या.