दोन तळ्यांमधली फट

[दृश्य: पांढरा कागद, त्यावर चिमूटभर कॉफीची पूड. कॅमेरा अगदी जवळ.]

लांबून ही पूड एकसारखी दिसते. जवळ गेलं की कळतं, यात भरड आहे, मोहरीएवढे तुकडे आहेत आणि त्यांच्या अंगाला मैद्यासारखी धूळ चिकटलेली आहे. गरम पाणी पडलं की या धुळीतला अर्क पहिल्या काही सेकंदांतच निघून जातो आणि मग कडवटपणा उतरायला लागतो. जाड तुकड्यांच्या पोटात मात्र पाणी धड शिरतच नाही, त्यामुळे त्यांची चव आंबट आणि पाणचट राहते. कप एकच, दोष दोन. बियांना किंवा भाजणाऱ्याला बोल लावण्याआधी ग्राइंडर उघडून बघावा.

[दृश्य: टेबलावर दोन हातग्राइंडर, एक जाडजूड, एक साधा.]

घेताना माणूस पहिल्यांदा फसतो तो वजनाला. हातात जड लागला की 'दणकट आहे' असं आपण म्हणून टाकतो. पण वजन बहुतेक करून बाहेरच्या नळकांड्याचं असतं, आणि नळकांडं काही दळत नाही. दळतात ते आतले बर: मधे फिरणारा दातेरी शंकू आणि त्याच्याभोवतीचं स्थिर कडं. जात्याच्या दोन तळ्याच म्हणा ना. जात्याची मधली खीळ ढिली झाली की खुंटा ओढताना वरची तळी एका अंगाला कलते, मग एकीकडून पीठ पडतं आणि दुसरीकडून कण्या. ग्राइंडरमध्येही नेमकं हेच होतं, फक्त इथली फट मिलिमीटरच्या अंशांत मोजायची असते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन, म्हणजे 0.07 मिलिमीटर जाड. एस्प्रेसोसाठी (दाबाखाली उतरवलेली दाट कॉफी) दळताना त्याहून कमी फरकानेही कॉफी उतरण्याचा वेळ बदलतो.

म्हणून बांधणी तपासायची म्हणजे एकच गोष्ट बघायची: जोर लागला तरी ही फट चहूबाजूंनी सारखी राहते का?

[दृश्य: पुडीचा डबा काढून ग्राइंडर उलटा धरलेला. अंगठा आतल्या बरवर.]

डबा काढा, ग्राइंडर उलटा धरा आणि आतल्या बरला अंगठ्याने आडवं ढकला. डावीकडे, उजवीकडे. मेकॅनिकच्या भाषेत सांगायचं तर शाफ्टला, म्हणजे बर फिरवणाऱ्या दांड्याला, 'प्ले' (ढिलेपणा) आहे का, ते बघा. आडवा प्ले हाताला कळण्याइतका असेल, तर यंत्र तिथेच नापास. आता तोच बर सरळ आत दाबा. तो थोडा आत जाईल. घाबरू नका, बरच्या मागे स्प्रिंग असते आणि बहुतेक हातग्राइंडरमध्ये ही हालचाल असायचीच. अनेकजण नेमकी उलटी गल्लत करतात: स्प्रिंगला दोष समजतात आणि आडवा प्ले चालवून घेतात.

प्ले येतो कुठून, तर शाफ्टच्या आधारातून. चांगल्या ग्राइंडरमध्ये दोन बॉल बेअरिंग असतात, एक वर हँडलजवळ आणि एक खाली बरच्या जवळ. दोघांत जितकं अंतर, तितका शाफ्ट ताठ. स्वस्तातल्या यंत्रात बेअरिंगच्या जागी प्लॅस्टिकचे बुश, म्हणजे साध्या नळ्या असतात. नवे असतात तोवर तेही गुळगुळीत चालतात, मग हळूहळू झिजून भोक मोठं होतं. काहींमध्ये खालचा आधारच नसतो. हारिओ कंपनीचा जुना स्केर्टन हातग्राइंडर याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण: शाफ्ट वरून धरलेला आणि सिरॅमिकचा बर खाली लोंबता. बारीक दळताना दोन्ही बर एकमेकांजवळ असल्याने निभावून जायचं, पण फ्रेंच प्रेससाठी (पूड पाण्यात मुरवून जाळीने खाली दाबायचं भांडं) जाड दळायला गेलं की बर डुलायचा आणि पुडीत भरड आणि धूळ एकत्र यायची. लोकांनी त्याला बाहेरून आधाराच्या पट्ट्या बसवल्या. पुढच्या मॉडेलमध्ये कंपनीनेच आधार दिला.

सिरॅमिक की स्टील यावर फार डोकं चालवू नका. सिरॅमिक गंजत नाही, पण खडा आला तर टवका उडतो. स्टीलचे दाते कोरून धारदार काढता येतात, बी चिरडण्याऐवजी कापली जाते आणि हाताला कमी कष्ट पडतात. दात्यांवर बोट हलकेच फिरवून बघा. कडा स्वच्छ हवी, ओतकामाची खरबरीत कोर नको.

[दृश्य: जाडी ठरवणारी चकती फिरते आहे. आवाज: कट्, कट्, कट्.]

आता क्लिक. आवाज खणखणीत आहे एवढ्यावर भुलू नये. हिशेब सोपा आहे. चकतीच्या स्क्रूच्या आट्याची पिच, म्हणजे एका फेऱ्यात होणारी सरक, 1 मिलिमीटर असेल आणि एका फेऱ्यात 30 क्लिक असतील, तर एका क्लिकला बर सुमारे 33 मायक्रॉन वर किंवा खाली सरकतो. बर शंकूच्या आकाराचा असल्याने दात्यांमधली प्रत्यक्ष फट त्याहून कमी बदलते. फिल्टर कॉफीला किंवा पोअर-ओव्हरला (वरून पाणी ओतत गाळलेली कॉफी) एवढं पुरेसं. एस्प्रेसोला मात्र दोन क्लिकच्या मधली जागा हवीहवीशी वाटायला लागते. कोमांडांटे सी40 या हातग्राइंडरमध्ये क्लिकला सुमारे 30 मायक्रॉन आहेत, तर वनझीप्रेसोच्या जे-मॅक्समध्ये 8.8. दुसरा ग्राइंडर पहिल्यापेक्षा भारी, असं यातून ठरत नाही. तो एस्प्रेसो डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे, इतकंच.

[दृश्य: विजेवरचा ग्राइंडर. प्लग भिंतीतून काढतानाचा हात.]

विजेवरच्या यंत्रात अनेकदा शंकूऐवजी दोन सपाट चकत्या असतात. त्यांच्यासाठी एक नामी परीक्षा आहे. लागतो फक्त व्हाइटबोर्डचा मार्कर. आधी प्लग काढा. बर ब्रशने झाडून घ्या आणि त्यांच्या खालची बैठकही स्वच्छ करा, कारण तिथे अडकलेला जुना चुरासुद्धा चकती तिरकी करायला पुरेसा असतो. स्थिर बरच्या बाहेरच्या सपाट कडेवर सगळीकडे शाई लावा. सुटे भाग परत बसवा (प्लग मात्र लावू नका), फट कमी करत करत बर जेमतेम टेकतील तिथे थांबा आणि फिरणारा बर हाताने दोनतीनदा फिरवा. उघडून बघा. शाई सगळ्या घेरावर सारखी पुसली असेल तर स्थिर बर सरळ बसला आहे. एकाच बाजूला पुसली असेल तर तो कललेला आहे.

मग शाई फिरणाऱ्या बरवर लावून हेच पुन्हा करा. हे टाळू नका. फिरणारा बर तिरका असला तरी त्याचं उंच टोक स्थिर बरच्या पूर्ण घेरावर घासत जातं, म्हणून पहिल्या परीक्षेत तो साळसूदपणे सुटतो. त्याचा कल त्याच्या स्वतःच्याच शाईवर दिसतो.

कल सापडला तर उपाय स्वयंपाकघरातच आहे: पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल. ती साधारण 10 ते 20 मायक्रॉन जाड असते. जिथली शाई शिल्लक राहिली, त्या बाजूला बरच्या खाली लहानसा तुकडा ठेवायचा, स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने आवळायचे आणि परीक्षा पुन्हा करायची. पण नव्या यंत्रात दोनतीन तुकडे ठेवूनही शाई सारखी पुसली जात नसेल, तर फॉइलचे थर चढवत बसण्यापेक्षा यंत्र परत केलेलं बरं.

[दृश्य: मोटर, गियर, सुटे केलेले भाग.]

मोटरच्या वॅटवर जाऊ नका. घरातल्या मिक्सरची मोटर 750 वॅटची असते, पण पातं मिनिटाला हजारो फेरे घेत बिया फोडत सुटतं. शंकू बरचा ग्राइंडर गियर लावून पाचशेच्या आसपास फेऱ्यांवर आणलेला असतो, त्याला लहान मोटर पुरते. गियर प्लॅस्टिकचे दिसले म्हणून नाक मुरडू नये. ते आवाज कमी करतात. कुठला भाग आधी तुटणार आणि तो सुटा मिळतो का, हे विचारणं जास्त कामाचं. बाराट्झा एन्कोर या विजेवरच्या ग्राइंडरमध्ये 40 मिलिमीटरचा शंकू बर आहे. त्याचं कडं धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटीचे कान खडा अडकला की तुटतात आणि गियर वाचतो. ही चौकट वेगळी विकत मिळते. काहीजण याला कमजोर बांधणी म्हणतात. आम्ही तिला फ्यूज म्हणू.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ग्राइंडर मागवणाऱ्यांसाठी: तिकडची वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ, आपली 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज उतरवत नाही, मोटर जळते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला तरी हर्ट्झ तेच राहतात, त्यामुळे हर्ट्झवर वेग ठरणारी इंडक्शन मोटर सुमारे एक षष्ठांश हळू फिरते.

आणखी एक सवय सोडायला हवी. मिक्सरचं भांडं साफ करायला आपण मूठभर तांदूळ फिरवतो. ग्राइंडरमध्ये ते करू नका. कच्चा तांदूळ भाजलेल्या कॉफीपेक्षा कितीतरी कडक असतो, मोटर अडकते आणि गियरवर ताण येतो. ब्रश आणि हवा मारायचा रबरी फुगा पुरे. स्टीलच्या बरला पाणीही नको, कोकणच्या पावसाळ्यात तर नकोच.

[दृश्य: पुन्हा पांढरा कागद. वजनकाटा.]

आता दळून बघू. 15 ग्रॅम बिया मोजून घ्या, ताटात पसरून खडे निवडा, दळा आणि पूड मोजा. पहिल्या वेळी वजन कमी भरेल, आतले कानेकोपरे भरत असतात. तिसऱ्या-चौथ्या दळणालाही अर्ध्या ग्रॅमहून जास्त तूट येत असेल तर पूड आत साचते आहे आणि उद्याच्या कपात ती शिळी उतरणार. पुडीचा पोत बघायला मधल्या दळणातली चिमूट घ्या. शेवटच्या काही बियांवर वरून भार नसतो, त्या फुटाण्यासारख्या उडत राहतात आणि वेडीवाकडी दळली जातात. त्यावरून यंत्राला नावं ठेवणं अन्याय होईल.

शेवटी ग्राइंडर पूर्ण उघडा, पुसा, पुन्हा जोडा. बर टेकेपर्यंत फिरवा. उघडण्याआधी ते जाडी ठरवणाऱ्या चकतीच्या ज्या खुणेवर टेकत होते, त्याच खुणेवर आले का बघा. एखाद्या क्लिकचा फरक चालतो. दरवेळी चारपाच क्लिक इकडेतिकडे होत असतील, तर आटे किंवा बरची बैठक सैल कापलेली आहे, आणि ते घरी दुरुस्त होत नाही.